मेंदूच्या नकाशावरील रेषा

ध्यानसाधनेने मेंदूचा थर जाड होतो, हे विधान गेल्या वीस वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवर आले असेल. वर्षावासातील प्रवचनांत, विहारांतील व्याख्यानांत, विपश्यना शिबिराहून परतलेल्या नातलगांच्या बोलण्यात आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ते वारंवार येते. ते ऐकून समाधान वाटते. अडीच हजार वर्षे जपलेल्या साधनेला आधुनिक विज्ञानाने दुजोरा दिला, अशी त्यामागची भावना असते.

हे विधान अगदीच निराधार नाही. २००५ साली अमेरिकेतील बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये संशोधन करणाऱ्या सारा लाझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यूरोरिपोर्ट' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विपश्यना परंपरेतील ध्यानाचा दीर्घ अनुभव असलेले २० साधक आणि ध्यान न करणाऱ्या १५ व्यक्ती यांच्या मेंदूंची त्यांनी एमआरआय यंत्राच्या साहाय्याने तुलना केली. हे साधक भिक्खू नव्हते. नोकरी आणि संसार सांभाळून ध्यान करणारी ती सामान्य माणसे होती. त्यांच्या मेंदूच्या काही भागांत बाह्यस्तर अधिक जाड असल्याचे आढळले. हा फरक होता साधारण एक ते दोन दशांश मिलिमीटरचा. वहीचे एक-दोन कागद एकावर एक ठेवले, तर जेवढी जाडी भरेल तेवढा.

जिवंत माणसाच्या बंद कवटीच्या आत असलेला, वहीच्या कागदाएवढा फरक कोणी मोजला आणि कसा मोजला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर मेंदूच्या चित्रावर संगणकाने आखलेल्या एका रेषेत दडलेले आहे. ती रेषा कशी आखली जाते, ती कुठे चुकते आणि ती चूक माणसाने कशी दुरुस्त करावी लागते, हे आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्यापुढे सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्र परळचे, विज्ञान कुलाब्याचेही

परळ, लालबाग, दादर, गिरगाव या परिसरात राहणाऱ्या कुटुंबांना एमआरआय हा शब्द नवा नाही. १९२६ पासून केईएम आणि १९४१ पासून टाटा मेमोरियल ही रुग्णालये परळमध्ये उभी आहेत. विदर्भ, मराठवाडा, कोकण अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हातात फिल्मचे मोठे पाकीट घेऊन या रस्त्यांवरून चालताना आपण नेहमी पाहतो. त्या पाकिटातील काळ्या-करड्या चित्रांमागे एक साधे तत्त्व आहे.

आपल्या शरीरात पाणी विपुल आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आहेत. हायड्रोजनचे अणुकेंद्र एखाद्या अतिसूक्ष्म चुंबकासारखे वागते. एमआरआयच्या बोगद्यातील प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ही केंद्रे त्या क्षेत्राच्या दिशेने कल घेतात. रेडिओ लहरींचा एक झटका देऊन त्यांना विचलित केले, की मूळ स्थितीत परतताना ती संकेत देतात. कोणते केंद्र किती वेगाने परतेल, हे त्याच्या शेजारावर अवलंबून असते. चरबीयुक्त ऊतीत परतण्याचा वेग एक, मोकळ्या पाण्यात दुसरा. या फरकांतूनच चित्रातील उजेड आणि अंधार निर्माण होतो. यात क्ष-किरणांचा संबंध नसतो.

अणुकेंद्र आपल्या शेजाऱ्याची माहिती देते, या शोधाच्या इतिहासात मुंबईचे नाव अभिमानाने घेता येते. १९५१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि पॅकार्ड या तीन संशोधकांनी इथाइल अल्कोहोलमधील हायड्रोजनचे तीन वेगवेगळे संकेत दाखवून दिले. एकाच रेणूत हायड्रोजनला तीन प्रकारचे शेजार लाभलेले असल्यामुळे संकेतही तीन आले. पुढे धर्मट्टी होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी या विषयाचे संशोधन मुंबईत सुरू केले. त्या काळी ही संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती; नंतर ती कुलाब्याला गेली. रुग्णाचे चित्र घेणारी यंत्रे पुष्कळ नंतर आली, परंतु त्यांच्या मुळाशी असलेल्या विज्ञानाचे शिक्षण दक्षिण मुंबईत १९५० च्या दशकापासूनच मिळू लागले होते.

पेटीत कोंबलेली गोधडी

मेंदूचा बाह्यस्तर, ज्याला कॉर्टेक्स म्हणतात, तो करड्या द्रव्याचा असतो. विचार, स्मृती, भाषा, स्पर्श यांच्याशी निगडित असलेल्या चेतापेशी या थरात असतात. त्याच्या आत श्वेत द्रव्य असते. ते पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तंतूंचे बनलेले असून त्या तंतूंवर मायलिन नावाचे चरबीयुक्त वेष्टन असते. या विषयासाठी वापरल्या जाणाऱ्या एमआरआय चित्रात श्वेत द्रव्य उजळ दिसते, कॉर्टेक्स करडा दिसतो आणि मेंदूभोवतीचा द्रव काळा दिसतो.

कॉर्टेक्सची जाडी जागोजागी बदलते. ती साधारणपणे एक ते साडेचार मिलिमीटर असते आणि तिची सरासरी अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते. हा थर पसरून ठेवला, तर दोन्ही अर्धगोलांचा मिळून सुमारे दोन हजार चौरस सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक भरेल. एवढी मोठी चादर कवटीत मावायची, तर तिला घड्या पडणारच. लहानशा पत्र्याच्या पेटीत मोठी गोधडी कोंबावी तसे हे असते. वर आलेल्या घडीला वळी म्हणू आणि आत गेलेल्या भागाला खाच म्हणू. कॉर्टेक्सचा सुमारे दोनतृतीयांश भाग या खाचांत लपलेला असतो, त्यामुळे वरून पाहून त्याची जाडी कळत नाही.

जाडी मोजायची, तर दोन सीमा निश्चित कराव्या लागतात. श्वेत द्रव्य संपून करडे द्रव्य सुरू होते ती आतील सीमा आणि करडे द्रव्य संपून द्रव सुरू होतो ती बाहेरील सीमा. या दोहोंमधील अंतर म्हणजे कॉर्टेक्सची जाडी. आतील सीमेला श्वेत पृष्ठ असे म्हणतात. संगणक प्रथम हे श्वेत पृष्ठ शोधतो आणि तेथून बाहेर सरकत दुसरी सीमा गाठतो. म्हणून पहिली रेषा चुकली, तर दुसरीही चुकण्याचा संभव असतो.

संगणक रेषा कशी आखतो

या कामासाठी जगभर वापरली जाणारी एक संगणकप्रणाली म्हणजे 'फ्रीसर्फर'. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस केंद्रात तिचा विकास झाला. तिच्या मुळाशी असलेले अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टिन सेरेनो यांचे निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाले. ती विनामूल्य मिळते आणि तिची मूळ आज्ञावलीही खुली आहे.

संगणकाच्या दृष्टीने मेंदू हा बारीक घनांचा ढीग असतो. या घनाला व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक बाजूला २५६ याप्रमाणे एक-एक मिलिमीटरचे घन रचले, तर त्यांची एकूण संख्या १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ होते. प्रत्येक घनाला त्याच्या उजळपणानुसार शून्य ते २५५ यांमधील एक अंक दिलेला असतो. संगणक प्रथम डोके सरळ मांडतो, कवटी आणि भोवतालची ऊती वगळतो, आणि श्वेत द्रव्याचा उजळपणा सर्वत्र ११० या अंकाच्या जवळ येईल अशा रीतीने चित्र समतोल करतो. त्यानंतर कोणता घन श्वेत द्रव्याचा, याचा निर्णय करून त्या समूहाभोवती लहान लहान त्रिकोणांची जाळी विणतो. मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागासाठी या जाळीत लाखाहून अधिक बिंदू असतात. ही जाळी घनांच्या कडांना चिकटून राहत नाही. उजळ आणि करडा यांमधील बदलाचा अंदाज घेत ती घनाच्या आतूनही जाऊ शकते. म्हणूनच घन एक मिलिमीटरचा असला, तरी त्याहून सूक्ष्म मापन शक्य होते.

येथे शालेय भूमितीतील एक सूत्र उपयोगी पडते. घनाकृतीला ८ शिरोबिंदू, १२ कडा आणि ६ पृष्ठे असतात. शिरोबिंदूंतून कडा वजा करून पृष्ठे मिळवली, तर उत्तर २ येते. छिद्र नसलेल्या कोणत्याही बंद आकृतीला हे उत्तर २ असेच येते. बटाटावड्यावर त्रिकोणांची जाळी काढली तरी उत्तर २, मात्र मेदूवड्यावर काढली तर शून्य, कारण मेदूवड्याच्या मध्ये आरपार भोक आहे. मेंदूच्या अर्ध्या भागाचे पृष्ठ कितीही वळ्यांचे असले, तरी मुळात ते बटाटावड्याच्या जातीचे आहे. संगणकाने विणलेल्या जाळीचे उत्तर २ पेक्षा कमी आले, की कुठेतरी खोटा पूल किंवा खोटे भोक निर्माण झाले आहे हे ओळखता येते.

खोट्या पुलाने काय बिघडते, हे दादरच्या उदाहरणावरून समजेल. दादर पूर्व आणि दादर पश्चिम यांच्यामध्ये रेल्वेरुळांचा रुंद पट्टा आहे. दोन बाजूंच्या दोन इमारती सरळ रेषेत हाकेच्या अंतरावर असतील, परंतु टिळक पूल किंवा पादचारी पूल नसते, तर एकीतून दुसरीत जायला किती वळसा पडला असता! मेंदूतील एका खाचेच्या दोन काठांचे असेच असते. अवकाशात ते जवळ असतात, पण पृष्ठावरून चालत गेल्यास दूर असतात आणि त्यांची कामेही भिन्न असू शकतात. अरुंद खाचेतील करडे घन संगणकाने श्वेत समजले, तर निसर्गाने जेथे पूल बांधला नाही तेथे संगणक टिळक पूल उभा करतो. असे दोष प्रणाली आपणहून शोधते आणि बरेचसे स्वतःच दुरुस्त करते. मात्र पूल तोडताना कधी खरी वळीच कापली जाते, तर भोक बुजवताना कधी खरी खाच भरली जाते.

चुका कोठे होतात

पुलांखेरीज श्वेत पृष्ठाच्या काही चुका ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक कारणांनी होतात. कानशिलाच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या पुढच्या टोकाला आणि डोळ्यांच्या वरच्या भागाला यंत्राचा संकेत क्षीण होतो किंवा जवळच्या हवेच्या पोकळ्यांमुळे विकृत होतो. तेथील श्वेत द्रव्याचे पट्टेही बारीक असतात. उजळपणा कमी पडल्यामुळे संगणक त्यांना श्वेत मानत नाही आणि रेषा एखादी वळी वगळून आतूनच निघून जाते.

दुसरे कारण वयाचे. उतारवयात, विशेषतः रक्तदाब असलेल्या अनेकांच्या श्वेत द्रव्यात छोटे डाग निर्माण होतात आणि ते या चित्रात करडे दिसतात. संगणक त्यांना कॉर्टेक्सचा भाग समजतो आणि रेषा खोल आत ओढली जाते. परिणामी आजी-आजोबांचा कॉर्टेक्स तेथे प्रत्यक्षाहून जाड भरतो. याच्या उलट, श्वेत द्रव्याची रेषा करड्या थरात घुसली, तर जाडी कमी भरते.

या चुकीचे मोल एका हिशेबाने समजून घेऊ. एखाद्या भागाची खरी सरासरी जाडी २.५ मिलिमीटर आहे आणि त्याच्या एकचतुर्थांश क्षेत्रात श्वेत पृष्ठ १ मिलिमीटर जास्त खोल पडले आहे, असे धरू. आता सरासरी २.७५ मिलिमीटर येईल. म्हणजे केवळ रेषेच्या चुकीने पाव मिलिमीटरची वाढ दिसली. ज्या फरकावर ध्यानाविषयीचे एवढे चर्चित विधान उभे आहे, तो फरक याहून लहान आहे.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे, ते म्हणजे डोके हलणे. मार्टिन रॉयटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना यंत्रात असताना मुद्दाम डोके हलवण्यास सांगितले होते. हालचाल जितकी अधिक, तितके करडे द्रव्य कमी आणि कॉर्टेक्स पातळ मोजला गेला. मेंदू तोच, माणूसही तोच; बदलली ती फक्त स्थिरता. ज्याने वर्षानुवर्षे निश्चल बसण्याचा अभ्यास केला आहे, असा साधक यंत्रातही अधिक स्थिर राहण्याचा संभव आहे. तुलनेसाठी घेतलेली व्यक्ती मात्र यंत्राच्या धडधडाटात अस्वस्थ होऊ शकते. मग साधकाचा कॉर्टेक्स जाड दिसला, तर त्यात साधनेचा वाटा किती आणि स्थिर डोक्याचा किती? २००५ च्या अभ्यासात असेच घडले, असा या प्रश्नाचा अर्थ नाही. असा प्रत्येक अभ्यास वाचताना हा प्रश्न मनात ठेवावा, एवढाच त्याचा आशय आहे.

दुरुस्तीची पद्धत

संगणकाचे काम कित्येक तास चालते. ते संपल्यावर माणसाचे काम सुरू होते. परीक्षक पडद्यावर मेंदूचे चित्र उघडतो आणि त्यावर दोन रंगांत दोन्ही रेषा पाहतो. समोरून, बाजूने आणि वरून अशा तिन्ही दिशांनी एकेक काप तो पुढे सरकवत जातो. एखाद्याच कापात रेषा घनभर सरकलेली दिसली, तर ती सहसा तशीच सोडली जाते. सलग अनेक कापांत तीच चूक दिसली, तरच ती दुरुस्त करण्यायोग्य मानली जाते.

दुरुस्तीचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्या मार्गात परीक्षक नियंत्रणबिंदू ठेवतो. जो घन निःसंशय श्वेत द्रव्याचा आहे, परंतु ज्याचा उजळपणा ११० पेक्षा कमी भरला आहे, त्यावर खूण करून तो संगणकाला ही जागा श्वेत असल्याचे सांगतो. संगणक त्या आधारे आसपासच्या भागाचा उजळपणा पुन्हा समतोल करतो. असे बिंदू मोजकेच आणि अनेक कापांत विखुरलेले असावेत. सीमेवर तर ते कधीच ठेवू नयेत. एक बिंदू चुकून करड्या द्रव्यात पडला, तरी त्याचा परिणाम शेजारच्या निर्दोष भागावरही पसरतो. दुसऱ्या मार्गात श्वेत द्रव्याच्या नकाशात थेट घन भरले किंवा खोडले जातात. वार्धक्यातील डाग भरून काढण्यासाठी आणि खाचेवरचा खोटा पूल पुसण्यासाठी हा मार्ग वापरतात.

या दोन्ही मार्गांत एक महत्त्वाचे पथ्य आहे. परीक्षक रेषा स्वतःच्या हाताने ओढून हव्या त्या जागी नेत नाही. तो फक्त पुरावा सुधारतो, आणि रेषा पुन्हा आखण्याचे काम संगणकच करतो. नंतर परीक्षक परत तपासतो. कधी एका फेरीत काम होते, कधी तीन फेऱ्या लागतात. डोके हलल्यामुळे चित्रच धूसर झाले असेल, तर मात्र कोणतीही दुरुस्ती उपयोगी नाही. ते चित्र बाजूला ठेवावे किंवा पुन्हा घ्यावे.

परीक्षकाची शिस्त

माणसाची नजर आली, की माणसाची इच्छाही येते. समोरचे चित्र साधकाचे आहे हे ठाऊक असलेला परीक्षक, कॉर्टेक्स पातळ दिसला तर दुरुस्तीचा विचार करील आणि जाड दिसला तर पुढे जाईल. यात लबाडी असेलच असे नाही; अपेक्षा नकळत हात धरते. म्हणून चांगल्या संशोधनात चित्रांवरील नावे, वय, गट सर्व झाकून केवळ क्रमांक ठेवतात. कोणती चूक दुरुस्त करायची आणि कोणती नाही, याचे नियम आधी लिहून ठेवतात. काही चित्रे दोन परीक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घेतात आणि त्यांच्या दुरुस्त्या कितपत जुळतात ते पाहतात. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतात.

दुरुस्तीचे महत्त्व सांगताना तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. शेकडो व्यक्तींच्या गटांची सरासरी काढताना हातांनी केलेल्या दुरुस्त्यांमुळे निष्कर्ष फारसा बदलत नाही, असे अनेकदा दिसते. मात्र अभ्यास लहान असेल, व्यक्ती वृद्ध किंवा आजारी असतील, तर याच दुरुस्त्या निर्णायक ठरू शकतात. पालकांसाठी आणखी एक खुलासा आवश्यक आहे. फ्रीसर्फर ही संशोधनाची प्रणाली आहे, रोगनिदानाची नव्हे. रुग्णालयातून मिळणारा एमआरआयचा अहवाल रेडिओलॉजिस्ट स्वतः चित्रे पाहून लिहितात. त्यामुळे घरातील कोणाच्या अहवालाविषयी हा लेख वाचून शंका घेण्याचे कारण नाही.

कोणाचा मेंदू नमुना मानावा

रेषा आखून झाल्यावर संगणक कॉर्टेक्सचे विभाग पाडतो आणि त्यांना नावे देतो. त्यासाठी त्याला एक नमुना-नकाशा लागतो. राहुल देसिकन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला नकाशा अतिशय प्रचलित आहे. ४० मेंदूंच्या चित्रांवरून तो तयार झाला असून त्यात मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागाचे ३४ विभाग आहेत. या क्षेत्रातील नमुने दीर्घकाळ प्रामुख्याने पाश्चात्त्य व्यक्तींच्या चित्रांवर आधारलेले राहिले. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी २०१९ मध्ये १०० तरुण भारतीयांच्या चित्रांवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. त्यात सरासरी लांबी, रुंदी आणि उंची पाश्चात्त्य नमुन्यांहून कमी आढळली.

येथे सावध राहणे अगत्याचे आहे. मेंदूच्या आकारावरून एखाद्या समाजाची बुद्धी ठरत नाही. हा नकाशा हवा आहे तो भारतीय रुग्णाची तुलना योग्य नमुन्याशी व्हावी यासाठी. शरीराची मापे घेऊन माणसांची प्रतवारी लावण्याचा इतिहास आपल्या समाजाला ठाऊक आहे. ब्रिटिश काळात हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची वांशिक उतरंड मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्याच प्रकारची मापे तपासली आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांच्यात वंशभेद नाही, असे दाखवून दिले. मापांना घाबरून त्यांनी विषय सोडला नाही आणि मापे छापलेली आहेत म्हणून त्यांपुढे मानही तुकवली नाही. आकडे हाती घेतले आणि त्यांवरून खरोखर काय सिद्ध होते, ते पाहिले.

हीच कसोटी आपल्याला अप्रिय असलेल्या आकड्याप्रमाणे प्रिय असलेल्या आकड्यालाही लावली पाहिजे. ध्यानाने मेंदू जाड होतो हा आपल्याला प्रिय असलेला आकडा आहे. २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील रिचर्ड डेव्हिडसन यांच्या संशोधनगटाने 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी ध्यान न केलेल्या व्यक्तींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागून, त्यांतील एका गटाला आठ आठवड्यांचा सजगतेवर आधारित अभ्यासक्रम देण्यात आला. दोन चाचण्या मिळून २१८ व्यक्तींची माहिती तपासली गेली. त्या अभ्यासक्रमामुळे मेंदूच्या रचनेत बदल झाल्याचा पुरावा आढळला नाही. डेव्हिडसन हे ध्यानाचे विरोधक नव्हेत. त्यांनी आपले आयुष्य ध्यानाच्या अभ्यासाला वाहिले आहे आणि तरीही हा निष्कर्ष त्यांच्या गटाने स्वतः प्रसिद्ध केला.

दोन्ही अभ्यास परस्परांना सर्वस्वी खोडून काढत नाहीत. एकात अनेक वर्षांचे साधक होते, दुसऱ्यात आठ आठवड्यांचे नवशिके. एकात ३५ व्यक्ती होत्या, दुसऱ्यात २१८. पहिल्यात एका वेळची तुलना होती, दुसऱ्यात आधी आणि नंतर अशी. म्हणून आज प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येईल, की दीर्घकाळच्या साधकांत काही फरक दिसले आहेत, ते साधनेमुळेच झाले हे सिद्ध झालेले नाही, आणि अल्पकाळच्या अभ्यासाने रचना बदलते असे दिसत नाही. यामुळे साधनेचे मोल घटत नाही. क्रोध आवरला जातो का, चित्त शांत होते का, शेजाऱ्याशी वागणे सुधारते का, या प्रश्नांची उत्तरे साधकाला आपल्या आचरणात मिळतात. त्यांच्यासाठी कॉर्टेक्सच्या जाडीचे प्रमाणपत्र लागत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी

हे सारे एका निवासी शाळेच्या स्मरणिकेत लिहिण्यामागे एक व्यवहारी हेतूही आहे. मेंदूच्या चित्रांवरील या कामाला डॉक्टरांइतकीच गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र आणि एमआरआय तंत्रज्ञान शिकलेल्या तरुणांची गरज आहे. प्रणाली विनामूल्य आहे, सरावासाठी खुली चित्रेही उपलब्ध आहेत आणि साधारण बऱ्या संगणकावर ती चालते. पवईच्या आयआयटीत वैद्यकीय प्रतिमांवर संगणकशास्त्राच्या अंगाने संशोधन होते. दहावीच्या वर्गात शिरोबिंदू आणि कडा मोजणाऱ्या मुलीने हा मार्ग धरला, तर आज वहीत सोडवलेले उदाहरण तिला उद्या एखाद्या मेंदूच्या पृष्ठावरील खोटा पूल शोधताना उपयोगी पडेल.

या कामाला लागणारे गुण आपल्या वसतिगृहांत नवे नाहीत. पहाटे उठून ठरलेल्या वेळी बसणे, एकच गोष्ट कंटाळा न करता पुन्हा पुन्हा पाहणे, दिसले तेवढेच सांगणे, आणि आपल्याला हवे ते दिसत नसेल तर तसेही नोंदवणे. दोनशे छप्पन्न काप एकामागून एक तपासणाऱ्या परीक्षकाला याहून वेगळे काही करावे लागत नाही. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्यांपैकी जे आज रुग्णालयांत, महाविद्यालयांत, संगणकक्षेत्रात काम करीत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन नववी-दहावीच्या मुलांना एमआरआयचे एक चित्र दाखवावे, त्यावरील रेषा दाखवावी, आणि ती कोठे चुकली आहे हे मुलांनाच शोधायला सांगावे, अशी नम्र विनंती आहे.